पाटीवरचं नाव

एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, "कुठं उतरणार, मावशी?"

"घाट संपला की. नवीन पाटी लावलीय, तिथं."

"नाव सांगा की."

बाईंनी नुसतंच पुढं बोट दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "हवालदार दत्ताराम मार्ग असणार."

घाटात पेटलेल्या गाडीतून माणसं बाहेर काढताना हा हवालदार गेला होता. यंदा विधानसभेनं ठराव करून तेवढ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं.

"मग तसं सांगायचं ना," कंडक्टर वैतागला.

"कसं सांगू? मालक आहेत ते माझे."

सभागृहात हात वर झाले आणि ते नाव सगळ्या राज्याच्या तोंडी गेलं. खड्डा लागला की ट्रकवाले त्या नावाला शिव्या घालतात, अपघाताच्या बातम्यांत ते येतं, मीही ते कितीदा सहज उच्चारलंय. आणि या बाईंनी लग्नातला उखाणा सोडला तर ते संसारभर जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

पाटीपाशी त्या उतरल्या. रस्त्यावर कुणीच नव्हतं, तरी त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.