टेकडीआडचा फोन

आमच्या टॉवरबाईंचा एक शब्द फार आवडता होता: बंद. टेलिफोनच्या ऑफिसात एक रजिस्टर असे, गावोगावच्या सार्वजनिक फोनची रोजची खबर त्यात लिहायची. आम्ही लाइनमन सकाळी चहा पिता पिता ओळीनं 'चालू, चालू, चालू' लिहून मोकळे व्हायचो. वरचे खूश, आम्ही खूश, आणि गावातला फोन सरपंचाच्या घरी फडक्याखाली मुका. बाई रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात जीपनं सगळी गावं पालथी घालून आल्या. लाल पेन घेतलं आणि पानभर 'बंद' लिहिलं. मला म्हणाल्या, "झाडेभाऊ, बंद आहे त बंद लिहाले लाज कायची? चालू लिहाल त दुरुस्त कराले कोण जाईन?" बोलणं खरं होतं, म्हणून मला भयंकर राग आला.

राग यायला आणखीही कारण होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंजिनिअर म्हणून बाई येणार हे कळल्यावर आम्ही टॉवरच्या पायथ्याशी खुर्ची मांडून ठेवली होती, वर छत्री बांधली होती. बाईमाणूस उन्हात उभं राहायला नको, हा आमचा सन्मान. बाईंनी त्या खुर्चीवर डबा ठेवला, कमरेला माझा पट्टा बांधला आणि सरसर टॉवर चढून गेल्या. खाली मान वर करून आम्ही सहा गडी, आणि सावलीत त्यांचा डबा. त्या दिवसापासून त्या टॉवरबाई.

बाई पुलगावच्या, घरी किराणा दुकान. संदेशवहनाचं शिक्षण घेऊन आमच्या जिल्ह्यात आलेली ही पहिलीच बाई, पण त्यांच्या वडिलांची समजूत अशी की टेलिफोन इंजिनिअर म्हणजे बोर्डावर बसून नंबर जोडून देणारी. ते नातेवाइकांना कौतुकानं सांगत, पोरीला पंख्याखालची नोकरी लागली. बाई हे हसत सांगायच्या आणि लगेच पाना मागायच्या. पुढे दोन हजार सालानंतर मोबाइल आले, बाई खात्यात खूप वर गेल्या, त्यांच्या कामाची भाषणांतून वाहवा झाली. ती करणाऱ्यांत त्यांना छळणारेही होते. असो, त्या छळणाऱ्यांचं नाव घेऊन मला माझं तोंड खराब करायचं नाही.

फोन तपासायची बाईंची रीत जगावेगळी होती. आम्ही 'हॅलो, हॅलो, येते का आवाज' एवढं केलं की झालं. बाई म्हणत, "हॅलो त कोणीही म्हणते. या फोनवर दोन माणसाईले भांडता आलं पाहिजे. मंग चालू." मग गावातल्या कोणाला तरी पकडून त्या ऑफिसातल्या माणसाशी कापसावरून, एसटीवरून वाद घालायला लावायच्या आणि स्वतः घड्याळ बघत उभ्या राहायच्या. पाच मिनिटांत एकही शब्द तुटला नाही तरच सही. पहिले पहिले आम्ही पाठीमागे टिंगल करायचो.

घोडं अडलं पिंपळझरीला. गिरडच्या पलीकडे, टेकडीआडचं चाळीस घरांचं गाव. तारेशिवाय रेडिओलहरींवर चालणारा फोन तिथं बसवला होता, पण आमच्या टॉवरच्या लहरी सरळ जातात आणि मध्ये टेकडी. पावसाळ्यात नाला भरला की गाव एकटं पडायचं. आदल्या श्रावणात शेवंता नावाची बाळंतीण बैलगाडीत नाल्याच्या काठावर अडकून राहिली. दवाखान्याची गाडी बोलवायला फोन होता, पण मुका. तिचं बाळ गेलं. मी त्या आठवड्यात रजिस्टरला 'चालू' लिहिलं होतं.

बाईंनी उपाय काढला. टेकडीच्या माथ्यावर दोन अँटेना पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, मध्ये एक केबल. एकीनं इकडचं ऐकायचं, दुसरीनं तिकडं सांगायचं. वीज नको, बॅटरी नको. कागदावर मांडून त्यांनी वर पाठवलं. असं कुठं करत नाहीत, असा शेरा मारून कागद परत आला. आणि त्याच महिन्यात तालुक्याला समारंभ ठरला, सगळी गावं फोननं जोडली म्हणून. पाहुण्यांनी मंचावरून पिंपळझरीला फोन लावायचा होता.

बाईंनी आमच्या जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना स्पष्ट सांगितलं, तो फोन बंद आहे. साहेबांनी तोड काढली: फोन वाजेल मंचामागच्या खोलीत, आणि पिंपळझरीचा शेतकरी म्हणून बोलेल झाडे. मी मान डोलावली. नोकरी होती, घरी चार तोंडं होती. समारंभाच्या सकाळी मी त्या खोलीत बसलो असताना बाई आत आल्या. मला वाटलं, आता झाडणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "उचला फोन, झाडेभाऊ. फक्त कुठून बोलता ते खरं सांगजा. बाकीचं माह्यावर."

घंटी वाजली. पाहुण्यांनी विचारलं, कुठून बोलताय? माझ्यापुढं शेवंता उभी राहिली. म्हणालो, "साहेब, तुमच्या मागच्या खोलीतून बोलून राह्यलो. पिंपळझरीचा फोन बंद आहे."

लाउडस्पीकरवरून ते अख्ख्या मंडपानं ऐकलं.

पुढचं सांगायला नको. मला नोटीस आली. बाईंनी त्यावर लिहून दिलं की झाडे माझ्या आदेशावरून खरं बोलले, शिक्षा मला करावी. केलीच वरच्यांनी. बदली, थेट दुसऱ्या राज्यात, आठ दिवसांत निघा. माझी बायको म्हणाली, आता तरी बाई गप बसतील. बाईंनी पुलगावहून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या आणि आम्हा सहाही जणांना टेकडीवर चढवलं. परवानगीचं काय, असं मी घाबरत विचारलं, तर म्हणाल्या, "आणखी काय करतीन? बदली? ते त झाली."

सात दिवस आम्ही अँटेनांचं ते धूड इकडे फिरव, तिकडे फिरव करत होतो. आठव्या दिवशी सकाळी पिंपळझरीचा फोन बोलला. अगदी खणखणीत. आम्ही खाली उतरून सरपंचाच्या अंगणात गोळा झालो. शेवंतानं पहिला नंबर सांगितला, तिच्या माहेरच्या गावातला. तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना. आई फोनवर आली आणि ती पोरगी नुसती रडत सुटली. मग बोलायला लागली ती थांबेचना. तिच्यामागे गावातल्या सहा बायका पदर खोचून रांगेत.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. सोबत बाईंना इथल्या कामातून मोकळं करण्याचा हुकूम. फोन लागल्याचं त्यांना कळलं होतं आणि ती खबर स्वतःच्या तोंडानं वर द्यायची घाई होती. "बाजूला करा तिला," ते म्हणाले, "मला नागपूरला कळवायचंय."

बाईंनी हुकमाच्या कागदावर सही केली, कागद त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या आधी सहा जणी आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत अशा साहेबी नजरेनं मी किती वेळा उठलो-बसलो असेन, देव जाणे. मी बोटानं रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. रांगेतली एकही बाई हलली नाही. साहेब गेले आणि उभे राहिले.

बाईंनी बॅग उचलली. पायवाटेनं नाला ओलांडून त्या एसटीच्या दिशेनं निघाल्या, निरोप नाही, हार नाही. मी रडलो, सरळ सांगतो. डोळे पुसून मागे पाहिलं तर शेवंताचं बोलणं संपलेलं नव्हतं, आणि साहेब सातव्या नंबरवर उन्हात उभे होते.