मोठ्या मामांची गुळगुळीत जमीन

माझ्या मोठ्या मामांवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते: गेल्या लाभपंचमीला, सकाळी सव्वासात वाजता, लिंबायतमध्ये, आमच्या गल्लीमागच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर. त्या वेळी मामांच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात कुंकवाची डबी आणि काखेत चपला. हे आधीच सांगून टाकते, कारण मामांच्या गमती सुरू झाल्या की तुम्ही हसाल, आणि हसता हसता अन्याय विसरायची सवय आपल्याला फार आहे. आता मामांबद्दल. सबंध सुरतेत पायाखालची जमीन कशी आहे हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस आहे आणि तो माझा मोठा मामा. शहरात इंजिनियर आहेत, ठेकेदार आहेत, टाइलवाले आहेत. त्यांना जमीन मोजता येते, विकता येते, दाबून ठेवता येते. वाचता फक्त मामांना येते.

मामा जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. पोरवयात मालेगावला सुती मागावर शिकले, मग सुरतेत आले आणि उधन्याच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, शिरले ते अजून तिथेच आहेत. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. माणसाचं बोलणं ते ओठांवरून आणि अर्धं अंदाजाने ओळखतात, त्यामुळे तुम्ही पाणी मागितलंत तर चहा मिळतो. पण बंद पडलेल्या मशीनवर तळहात ठेवला की कुठला नट ढिला आहे ते बरोबर सांगतात. तीच विद्या त्यांनी जमिनीला लावली आहे. नवी फरशी दिसली की मामा चपला काढून काखेत मारतात, डावा तळवा तीनदा घासतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, तोही अहिराणीत आणि कापडाच्या भाषेत. उधना स्टेशनबाहेरच्या एका फुटपाथला ते म्हणाले, "ही ग्रे से. धुलाई बाकी से." ग्रे म्हणजे मागावरून नुसतंच उतरलेलं, पलसाण्याच्या धुलाई-रंगाईच्या मिलमध्ये अजून न गेलेलं कोरं कापड. नव्या पुलाखालच्या रस्त्याबद्दल म्हणाले, "वरून साटीन, खाली गोणपाट." तीन महिन्यांत रस्ता उखडला. कुणी मामांना विचारलं होतं? नाही. मामी म्हणतात, "आमचं लग्न लागत होतं तेव्हा ह्या माणसाने माझ्याकडे बघितलंच नाही. सतरंजीखालचा खड्डा बघत होता. सात फेऱ्या मी खड्डा चुकवून मारल्या."

अशा माणसाच्या घरात मी स्केटबोर्ड आणला. कॉलेजातल्या एकीने पायाला प्लास्टर चढल्यावर विकायला काढलेला. आई म्हणाली, हे पोरांचं खूळ तुला कशाला. मामांनी बोर्ड उलटा केला, चाक बोटाने फिरवलं, कानाशी नाही तर दातांशी धरलं आणि म्हणाले, "बेरिंगमा कचरा से." मग मामीच्या पुरणाच्या ताटात रॉकेल ओतून त्यांनी आठही बेरिंगं धुतली, मागाला घालतात ते तेल घातलं, आणि चाक असं फिरलं की मामी रागावायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. त्यांना पुरणासाठी दुसरं ताट घ्यावं लागलं. त्या दिवसापासून मामा माझे उस्ताद. स्वतः ते बोर्डवर कधी चढले नाहीत. मी पडले की लांबून म्हणायचे, "पडनी ते पडनी, ऊठ." एवढंच शिक्षण.

मग हळूहळू आम्ही नऊ जण झालो. घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या दोघी बहिणी, एक रिक्षावाला, एक शिवणकामवाला, बाकी कॉलेजचे. आणि आम्ही सुरतभर जमीन शोधत फिरलो. या शहरात पूल किती आहेत ते आम्हाला खालून माहीत आहे. पुलाखाली जिथे सावली आहे तिथे गाड्या लावतात, गाड्या नाहीत तिथे दगड रोवलेत. नदीकाठच्या फरसबंदीवर मामा म्हणाले, "गाठी लई," आणि चाकं खरंच दर फुटाला अडखळली. वेसूच्या बाजूला खरंखुरं स्केटपार्क आहे, खोलगट, काचेसारखं. तिकीट काढून आम्ही आत गेलो. मामांना दारात अडवलं, कारण बूट नव्हते. मी भांडले. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, रूल है." मामांना वाटलं तो त्यांची चौकशी करतोय. ते हसून म्हणाले, "बढिया, आप?" आणि जाळीबाहेर जाऊन लोखंडी खांबाला तळहात लावून दोन तास उभे राहिले. परतताना बसमध्ये, उधना आल्यावर म्हणाले, "जमीन रेशम से. पण आपली नही." मी तेव्हापासून 'सार्वजनिक' हा शब्द कुठेही लिहिलेला दिसला की आधी दार कुठे आहे ते बघते.

एकच जागा मिळाली, ती आदल्या वर्षीच्या दिवाळीत. दिवाळीत सुरत बंद असते. खाती बंद, कापडबाजार बंद, सगळं लिंबायत पिशव्या भरून धुळ्या-नंदुरबारकडे गेलेलं. लाभपंचमीला मशीनची पूजा होते, नारळ फुटतो आणि शहर पुन्हा सुरू होतं. तेवढ्या दिवसांत मामा एका कापड मार्केटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घुसले, अनवाणी, काखेत चपला. वॉचमन धावत आला. "ए काका, किसकी चप्पल उठाई?" मामांनी उत्तर दिलं, "फरशी बहोत अच्छी है. कौन पोंछता है?" वॉचमन थांबला. पुसून घेणारा तोच होता. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने आम्हाला चार दिवस सकाळी आत घेतलं आणि स्वतः खुर्ची टाकून बसला.

तिथे मला कळलं मामा का येतात ते. आम्ही नऊ जण एका रांगेत सुटलो होतो आणि मामा मधोमध उभे होते, डोळे मिटून. मी जवळून गेले तेव्हा ते म्हणाले, "ही तू." मग रिक्षावाला गेला, तर म्हणाले, "हाऊ जड से, रिक्षावाला." तळव्यातून त्यांना आम्ही ऐकू येत होतो. मागांनी नेलेलं त्यांना जमिनीतून परत मिळत होतं, फक्त जमीन गुळगुळीत हवी. खडबडीत जमिनीवर सगळा एकच गलका, म्हणाले, खात्यासारखा. "आठे माले आयकू येस." इथे मला ऐकू येतं. एवढं बोलून ते पुन्हा डोळे मिटून उभे राहिले.

दिवाळी संपली, मार्केट उघडलं. म्हणून आमच्या गल्लीमागचा कॉमन प्लॉट. पाण्याची जुनी टाकी पाडल्यावर तिथे काँक्रीटचा मोठा चौथरा उरला होता, भेगाळलेला, सोसायटीचं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यांच्या प्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "खेलो, खेलो." तोंडी. मामांनी तळवा घासला आणि म्हणाले, धागा तुटका आहे पण सूत चांगलं. आणि मग त्यांनी ती चूक केली जी फक्त मागावर जन्म काढलेला माणूस करू शकतो. सुती ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ देतात, त्याने धागा गुळगुळीत होतो, मागावर तुटत नाही. सुताला चालते ती सिमेंटला का चालणार नाही? मामांनी पिंपभर मैद्याची खळ शिजवली आणि संध्याकाळी कुंच्याने अख्ख्या चौथऱ्याला लावली. भेगा भरल्या. चौथरा चमकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सकाळी गेलो तर चौथऱ्यावर अकरा बकऱ्या चाटत होत्या, कडेने मुंग्यांची रांग आणि मधे सोसायटीचे प्रमुख, बूट चिकटलेले, जागेवरून हलता येईना. मामांनी शांतपणे खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, त्यांना उचलून बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "मनी चूक नही. मागावर बकरी येत नही." त्या दिवशी प्रमुखही हसले होते. हे मी मुद्दाम लिहिते. माणूस हसला होता.

त्याच्या पुढच्या, म्हणजे गेल्या दिवाळीत मामा गावी गेले नाहीत. धनत्रयोदशीला चौथऱ्यासाठी सिमेंट आलं. खरं सिमेंट, या वेळी मैदा नाही. रिकाम्या लिंबायतमध्ये एकटा माणूस थापी घेऊन गुडघ्यावर बसलेला मी आठवडाभर पाहिला. पाडव्याला मामी ताट घेऊन तिथेच गेल्या आणि चौथऱ्याच्या कडेला बसून त्यांना ओवाळलं. दर दोन तासांनी मामा पाणी मारायचे. कुणाला पाय ठेवू देत नव्हते, मलाही नाही. पहिलं चाक लाभपंचमीला फिरेल, मशीनसारखं, पूजा करून, नारळ फोडून. मला म्हणाले, सोसायटीच्या घराघरात चिठ्ठी दे. "लिख, यावे."

मी 'यावे' लिहिलं नाही. इथे दोष माझ्या नावावर घालते, कारण पत्रक माझं होतं. मला पत्रक एकाच प्रकारे लिहिता येतं, मोर्च्याचं. मी मथळा दिला, 'ही जमीन आमच्या हक्काची', खाली तीन मागण्या आणि अगदी शेवटी, पूजेला या. छापलं, दोनशे प्रती, प्रत्येक दाराखालून सरकवल्या.

लाभपंचमीला सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घण मारून झाले होते. चौथऱ्याचे तुकडे आणि वर खडी ओतलेली. प्रमुखांच्या हातात माझं पत्रक होतं. ते ओरडले नाहीत, खरं तर घाबरलेले दिसले. "आज नारियल फोडोगे, कल झंडा लगाओगे, परसों बोलोगे जगह हमारी. यहाँ तो लिखा भी है." मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती, तेवढं शिकले आहे. मामांनी मला हाताने मागे केलं. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते खडीवर अनवाणी चढले, दोन पावलं चालले, थांबले. मग नारळ प्रमुखांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घर लेके जाओ. चटनी बनाओ." चपला घालून खाली उतरले. मामांना चौथऱ्यावर उभं राहून चपला घालताना मी प्रथमच पाहिलं.

घरी जाताना मी सांगितलं, मामा, माझ्यामुळे झालं. त्यांनी माझे ओठ नीट पाहिले, समजलं त्यांना, आणि म्हणाले, "व्हयनं ते व्हयनं. बेरिंग धुयेल से का?" आता रविवारी सकाळी ते आंघोळ करून, डोक्याला तेल लावून ओट्यावर येऊन बसतात. आम्ही नऊ जण येतो, बोर्ड भिंतीला टेकवून उभे राहतो. मामा विचारतात, "कोठे जाऊत?" दर रविवारी विचारतात, आणि मी मोबाइलमध्ये काहीतरी बघायला लागते. ते साठीला आले. आता तळव्यांनाही भेगा पडल्यात. रात्री मामी कोकम तेल चोळून देतात, आणि दोघांना वाटतं की आम्हाला माहीत नाही. किती वर्षं ऐकू येईल अजून, कोण सांगणार?

म्हणून या वेळी मी हक्क लिहीत नाही, मागते. तुम्ही जे हे वाचताय, सुरतेत, धुळ्यात, पुण्यात, कुठेही, तुमच्या इमारतीखाली पार्किंग आहे, नाहीतर मागे एखादा कोबा केलेला चौक आहे, आणि रविवारी सकाळी त्याचा निम्मा भाग मोकळा असतो. फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे असते ते तुम्हाला नावानिशी माहीत आहे. त्या माणसाकडे आज जा. दोन तास मागा, सहा ते आठ. तुमच्या गल्लीतही कुणीतरी बोर्ड भिंतीला टेकवून उभं असेल, त्याला आत घ्या. आणि सुरतेत असाल तर आमच्या मामांना घ्या, अनवाणी, दाराशी न अडवता. येत्या रविवारी कुलूप काढा.