बसलेलाच मोजायचा

भोवत्या हे नाव मी भोपाळला येईपर्यंत ऐकलंही नव्हतं. घारीहून सडपातळ, लांब पंखांचा शिकारी पक्षी. गवतावरून इतका खालून उडतो, की वाटावं काहीतरी हरवलंय ते शोधतोय. दसऱ्याच्या आसपास हिमालयापलीकडून येतात. दिवसभर एकेकटे हिंडून उंदीर, टोळ खातात आणि दिवेलागणीला सगळे एकाच माळावर उतरून गवतात, जमिनीवर झोपतात. एवढ्या लांबून यायचं आणि उघड्यावर झोपायचं, याचं मला फार वाईट वाटायचं.

हे सगळं काकांनी सांगितलं. काका मूळचे नागपूरचे, मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले, आनंद नगरच्या घरात एकटे. काकू गेल्यावर त्यांच्या मुलीने पुण्याहून चौकशी करून मला घरकामाला ठेवलं. मी यवतमाळकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्यामागे इथे आले, तो बांधकामावरून पडून गेला, आणि माहेरी भावाच्या दोन खोल्यांत माझी सोय नव्हती. काकांनी स्वयंपाकघरामागची खोली दिली. आतून कडी लावता येईल असं दार मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं. त्या कडीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

तरी घाबरतच राहायची. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा उठून बघायची. भात जरा करपला की वाटायचं, आता काढतील. काका म्हणायचे, "तुला काढलं तर मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला कोण सांगणार?"

शुगरने त्यांचे डोळे नेले होते. पण दर वर्षी भोवत्ये मोजायचा नेम त्यांनी सोडला नाही. माझे डोळे वापरले. पद्धत त्यांचीच. रायसेन रोडच्या पुढे माळाच्या कडेला रिक्षा थांबवायची, काकांना घडीच्या खुर्चीवर बसवायचं, त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, माझ्या मुठीत चिंचोके. पक्षी गवतात उतरला की एक चिंचोका डब्यात टाकायचा. तोच परत उठला तर एक काढून घ्यायचा. घिरट्या घालणारा आपला नव्हे, म्हणायचे, बसलेलाच मोजायचा. चिंचोका पत्र्यावर वाजला की त्यांचे ओठ हलायचे. घरी आल्यावर आकडा कुठल्याशा पक्षी मोजणाऱ्या मंडळींना फोनवर कळवायचे, मग मुलीला.

मुलगी सारखी मागे लागलेली, घर विकू, पुण्याला चला. काकांचं एकच उत्तर, माळावर पक्षी उतरतात तोवर मी इथेच. ती हसायची, ठीक आहे बाबा, तुमचे पाहुणे येऊन जाऊ देत. त्यांच्यासाठी तो हट्ट होता. माझी खोली त्या हट्टावर उभी होती. पितृपक्ष लागला की मी येता-जाता आभाळाकडे बघायला लागायची.

गेल्या वर्षी रिक्षा वळली आणि मला दिसलं की गवतच नाही. जेसीबीने सपाट केलेलं, जागोजागी जाळलेलं, चुना मारलेले दगड ओळीने पुरलेले. काकांनी नाक वर केलं. जळका वास येतोय, म्हणाले. मी सांगितलं, कडेचं गवत काढलंय. मधलंही काढलंय हे तोंडातून निघेना.

चौकीदार आला. "साहब, प्लॉट देखने आए हो? अँधेरे में कोने वाला नहीं दिखेगा."

"पुराने किरायेदारों से मिलने आए हैं," काका म्हणाले. चौकीदाराने माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवलं आणि गेला.

ऊन उतरलं तसे ते आले. आधी एक, मग कुठूनकुठून बाकीचे. ओळखीच्या जागेवर येऊन फिरू लागले. एकाने पाय खाली सोडले, एका दगडाजवळ अगदी टेकणार, तेवढ्यात वर उडाला. पुन्हा आला, पुन्हा वर उडाला. डबा गप्प. माझी मूठ घामाने भिजली होती. आणि एक चिंचोका निसटला.

टक्.

"बसला?" काकांनी विचारलं.

त्यांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. किती, असं ते विचारत नव्हते. एक पुरला असता. मला काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. खोली, कडी, येतं वर्ष. पण ते आंधळे डोळे माझ्याकडे वळवून बसले होते.

"नाही काका. हातातून सुटला."

त्यांनी डब्यात बोटं फिरवली, चिंचोका शोधून काढला आणि तळहातावर माझ्यासमोर धरला. "घे."

पूर्ण अंधार होईपर्यंत बसलो. भोवत्ये एकेक करून तलावाच्या दिशेने निघून गेले. रिक्षात त्यांनी विचारलं, सगळंच गवत काढलंय ना. मी हो म्हटलं.

घरी त्यांनी त्या मंडळींना फोन केला. पलीकडून बहुतेक विचारलं असावं, यंदा गेला नव्हतात का. "गेलो होतो," काका म्हणाले. "मोजून शून्य आहे." मग मुलीला लावला. मी पोळ्या लाटत होते. ऐकू आलं, "ये, घेऊन जा मला." त्या रात्री गॅस बघायला मी उठले नाही.

मुलगी चांगली. घर रिकामं करण्याआधी तिने मला भोपाळातच, शाहपुऱ्यात, एका भरल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंकडे काम लावून दिलं. नाहीतर मी कुठे गेले असते, देव जाणे.

यंदा दसऱ्यानंतर काकांचा फोन आला. आवाज बारीक झालाय. मला धास्ती, की माळाचं विचारतील. मी गेलेच नव्हते, इथे संध्याकाळची सुट्टी मिळत नाही. त्यांनी माळाचं काढलंच नाही.

"झोपतेस कुठे?"

"हॉलमध्ये. सगळे आत गेले की अंथरूण टाकते."

"कडी आहे?"

"हॉलला कसली कडी, काका."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत राहिला. मग मुलीने फोन घेतला, बाबा थकलेत म्हणाली. मी बरं म्हटलं. इथेही टीव्ही चालूच होता. घरातले सगळे समोर बसलेले. मी स्वयंपाकघराच्या दारात, ते कधी उठतात याची वाट बघत उभी राहिले.