इथलोक बरोबर

आमच्या गणिताच्या सरांनी उभ्या जन्मात कुणाच्या वहीत फुली मारली नाही. गणित चुकलं की जिथपर्यंत बरोबर असेल, तिथं निळ्या पेनानं रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "इथलोक बरोबर हाय. आता समोर जाय." इथलोक म्हणजे इथपर्यंत. राजूरच्या त्या शाळेत त्यांचं नावच पडलं, इथलोक सर.

माझ्या वहीत ती रेघ पहिल्याच पायरीखाली असायची. आधीच्या मास्तरांनी मला दगड ठरवून मागच्या बाकावर बसवलेलं. बाबा खाणीतून पाळी संपवून आले की म्हणायचे, "झेपत नसन त राहू दे शाळा." मी तर एका पायावर तयार होते! पण सर ऐकतील तर शपथ.

एकाच फळ्यावर ते दोन गणितं लिहायचे, एक हुशारांसाठी, एक मधल्यांसाठी. माझ्यासारख्यांना पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या. दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, सोडायच्या, हातचा म्हणजे काय ते हातात धरून बघायचं. पाचवीतली घोडी काड्या मोजते म्हणून पोरं फिदीफिदी हसली, तर सर कडाडले, "ते येऊन राह्यली नं तिच्या चालीनं! तुमाले काहून घाई?"

सहा महिन्यांनी रेघ थेट उत्तराखाली आली. मी भोकाड पसरलं. सर बिचारे गडबडले, "आता कायले रडून राह्यली वं?"

आज मी वणीच्या शाळेत गणित शिकवते. हो, मीच!

मागच्या हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आकडेही गेले. मी भेटायला गेले तेव्हा सर खाटेवर बसून डाव्या हातानं बेरीज करत होते. अठ्ठेचाळीस अधिक सत्तावीस. एकंचे पाच नीट लिहिले, हातचा विसरले, पासष्ट उत्तर काढलं आणि लहान मुलासारखं माझ्याकडं पाहिलं.

"चुकलं, सर!" मी म्हणाले.

मेली माझी जीभ! दिवसभर वर्गात हाच शब्द घोळवायची सवय. सरांनी हळूच वही मिटली. मग चहा झाला, थंडीच्या गप्पा झाल्या. निघताना मनाशी म्हटलं, रविवारी काड्या घेऊन येऊ, शेजारी बसू, सरांना पहिल्यापासून शिकवू. शनिवारीच निरोप आला, सर गेले.

तेराव्याला त्यांच्या मुलीनं ती वही माझ्या हातात दिली. "तू गेल्यावर हेच करत होते," म्हणाली. पानोपानी तीच बेरीज. दर वेळी पासष्ट. दर वेळी पाच मात्र बरोबर. आणि प्रत्येक बेरजेवर डाव्या हातानं मारलेली फुली.

भेटायला गेले त्या दिवशी निळं पेन माझ्या पर्समध्येच होतं. पाचाखाली एक रेघ ओढायला असा किती वेळ लागला असता?