थोरलीचा वास

तो पहिल्यांदा तिच्या शिवणकामाच्या दुकानाकडे आला, तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री शेपट्या पायांत घालून पसार झाली. मांजर उडी मारून पंख्यावर बसलं आणि पंखा फिरत असूनही उतरेना. कोपऱ्यावरचा घोडा तर गाडीसकट उधळला, तो म्हणे पुढच्या गावात जाऊन थांबला. कोण राक्षस येतोय म्हणून तिने कात्री घट्ट धरली. आत आला एक काडीपैलवान, काखेत खाकी शर्ट.

"बाई, हा दोन्ही अंगांनी आत घ्या. माझं माप न घेताच दिलाय."

शर्टाला वाघिणीचा वास होता. तो प्राणिसंग्रहालयात वाघिणीला सांभाळायचा. कुत्र्यामांजरांच्या लेखी वाघाखालोखाल त्याचाच मान. माणसांत मात्र रांगेत कोणीही त्याला कोपराने सारून पुढे जाई.

लग्न झाल्यावर तिने वाघिणीला 'थोरली' करून टाकलं. "काय हो, थोरली जेवली का? मग आता धाकटीलाही विचारा!"

आठवड्यातून एक दिवस वाघिणीला उपाशी ठेवत; जंगलात तरी रोज शिकार कुठे मिळते? त्या दिवशी हाही जेवत नसे. "नवरा वाघिणीचा, पोट चिमणीचं," ती म्हणे. पण आपल्या घरात उंदीर फिरकत नाही, हे शेजारणींना ऐटीत सांगे.

मग थोरलीचे दात गेले. मांस पडून राहू लागलं. डॉक्टर म्हणाले, "जंगलात केव्हाच संपली असती."

"पण साहेब, वाघाला खातं कोण?"

"भूक."

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि भिंतीकडे बघत बसला. तिची कापड कापायची मोठी कात्री होती, त्या कात्रीला ती कोणाला कधी कागदही लावू देत नसे. दुसऱ्या दिवशी तीच कात्री घेऊन ती त्याच्याबरोबर गेली आणि मांसाचे बारीक तुकडे करत बसली. तो लांब दांड्याच्या पळीने गजांतून भरवी. "सवतीला असे घास करून देणारी जगात मी एकटीच!" ती म्हणे, आणि रोज जाई.

एक दिवस थोरलीने पळीकडेही पाठ फिरवली.

"आज तिचा उपास आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही म्हणाला, "आज उपास आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि आपलंही ताट वाढून घेतलं नाही.

थोरली गेली. त्याला सशांकडे दिलं. तो गवताचा वास घेऊन घरी येऊ लागला. गल्लीतली कुत्री आधी बुचकळ्यात पडली, मग भुंकायला लागली. तो मान खाली घालून भिंतीकडेने चाले.

जुना खाकी शर्ट तिने न धुता दाराजवळच्या खुंटीला टांगला. "राहू द्या. उंदीर येणार नाहीत," ती म्हणाली. तो जाता-येता बाहीला नाक लावायचा आणि ती मशीनवर उगाच मान वाकवायची.

काही आठवड्यांनी त्या शर्टाखाली एक कुत्रं झोपलेलं सापडलं.