प्रमिलाकाकूंची बादली

प्रमिलाकाकू डेंग्यूने गेल्या, त्याला आज वर्ष झालं.

पाणी आमच्या घरचं होतं.

वर्षभर हे कुणालाच सांगितलं नाही. आज सांगतो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

काकू म्हणजे जठारपेठेतल्या आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. चौकात हार-फुलांचं दुकान. दुकान कसलं, एक लाकडी टेबल आणि वर ताडपत्री. काका लवकर गेले. त्या टेबलावर काकूंनी मंगेशला शिकवलं. आज तो अमरावतीला नोकरीला आहे.

आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. माझ्या लग्नात भर मांडवात म्हणाल्या, "आता तरी सुधरजो रे बाबू!"

सुधारलो नाही काकू.

आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसांनी येतो. आला की घरात असेल नसेल ते सगळं भरायचं. ड्रम, घागरी, बादल्या, कूलरची टाकीसुद्धा. भरलेलं पाणी ओतून देणं म्हणजे आमच्याकडे पाप.

आणि आरोग्य विभागाची ताई दारोदार नेमकं तेच सांगत फिरायची. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. कोरडा दिवस.

आख्ख्या गल्लीत तो पाळणाऱ्या एकट्या काकू. दर शनिवारी त्यांच्या दारात सगळी भांडी उपडी.

"काकू, नळ मंगळवारी येईन. तवरोक काय करसान?"

"तुह्याकडून नेईन. तू हाय ना मोठा श्रीमंत!"

फुलांवर मारायला पाणी तर लागायचंच. मग रविवारी काकू बादली घेऊन हजर. मी गच्चीवरच्या निळ्या ड्रममधून भरून द्यायचो. ऐटीत. शेजारधर्म वगैरे.

त्या ड्रमचं झाकण उन्हाने चिरलं होतं. बदलू, बदलू म्हणत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात ताई तपासणीला आली. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्या, सगळं टॉर्च मारून बघितलं. मग विचारलं, "वर काई हाय का भाऊ?"

"नाई. वर काईच नाई."

ड्रम काठोकाठ भरला होता. ओतायला लावेल, एवढीच भीती.

ताईने पोर्चमध्ये दाराजवळ खडूने तारीख टाकली आणि खाली शून्य लिहिलं. म्हणजे या घरात डासांच्या अळ्या नाहीत.

नंतर कळलं, वापरायचं पाणी असेल तर ती ओतायला लावत नाही, औषध टाकते. दोन मिनिटांचं काम. मी विचारलंच नव्हतं.

दोन-अडीच आठवड्यांनी काकूंना ताप आला. तरी टेबल लावणं सुरूच. "साधा ताप होय रे. घेतली गोळी." चौथ्या दिवशी हार ओवता ओवता बसल्या जागी कलंडल्या.

प्लेटलेट्स, आयसीयू. मंगेश मिळेल त्या एसटीने आला. मी ब्लड बँकेच्या फेऱ्या मारत होतो आणि लोक म्हणत होते, शेजारी असावा तर असा.

काकू दवाखान्यात असतानाच ताई पुन्हा आली. पेशंट सापडला की आजूबाजूची घरं तपासतात. या वेळी तिने विचारलं नाही. सरळ जिना चढली आणि झाकण उचललं.

टॉर्चच्या उजेडात पाणी नुसतं वळवळत होतं.

"मागच्या खेपेले तुमी नाई म्हनले होते, भाऊ."

मी झाकण परत लावायला लागलो.

"हे पानी अजून कोनाच्या घरी जाते का?"

"नाई. आमचंच आहे."

हे दुसरं खोटं.

काकूंच्या घराला कुलूप होतं, म्हणून ताईने ते बघितलं नव्हतं. किल्ली माझ्याकडेच होती. ताई गेल्यावर आत गेलो. फुलांच्या टोपलीशेजारी बादली होती, आमच्या ड्रमच्या पाण्याची, अर्धी. वाकून बघितलं. त्यातही तेच.

मोरीत ओतली आणि बाहेर येऊन कुलूप लावलं. शेजारी म्हणून केलेलं शेवटचं काम.

दोन दिवसांनी काकू गेल्या.

तेरवी झाल्यावर मंगेश माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "दादा, आई तं घरात पानी साचूच देत नव्हती. मंग तिलेच कसा काय झाला डेंग्यू?"

मी म्हणालो, "नशीब, बाप्पा. दुसरं काय."

तिसरं खोटं.

डॉक्टर म्हणतात, कोणता डास चावला ते सांगता येत नाही. चौकातला असेल, दुसऱ्या कुणाच्या घरचा असेल. खरं असेलही. वर्षभर मी स्वतःला तेच सांगतोय. पण ती बादली मी डोळ्यांनी बघितली आहे.

दिवाळीला घर रंगवलं तेव्हा पोर्चमधला तेवढा तुकडा पेंटरला सोडायला लावला. तारीख अन् शून्य अजून तिथेच आहे. बायको विचारून थकली, हे काहून ठेवलं म्हणून. आज तीही वाचेल.

आता ताई आली की मीच तिला वर घेऊन जातो. दर शनिवारी सगळी भांडी उपडी करतो. गल्लीतले हसतात, मी काकूंना हसायचो तसेच. रविवारी घरात पाणी नसतं. मग रिकामी बादली हातात घेऊन उभा राहतो आणि कुणाच्या दारात जायची हिंमत होत नाही.

मंगेश, नशीब म्हणालो होतो ते खोटं होतं. तुझ्या घरात ते पाणी माझ्या हाताने आलं. तुला एकट्याला फोन करून सांगायला हवं होतं, तेवढंही धैर्य झालं नाही. तू फोन केलास तर उचलीन. शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन.

काकू, आज शनिवार आहे. दारात सगळं उपडं करून ठेवलंय.

तुमच्या फोटोखाली श्रद्धांजली लिहायचा हक्क मला नाही.

माफ करा, एवढंच.