गल्लीतली एकच पारधीण

आमच्या गल्लीत काल कुणाकडे काय शिजलं हे मला त्या घरच्यांच्या आधी कळतं, असं माझी बायको शालू म्हणते. खोटं नाही. पण शेजारच्या खोलीतली रंगूबाई फासेपारधी आहे, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

तिचा नवरा अर्जुना खटाव तालुक्यातल्या एका गावचा. तेव्हा सरकारचा कायदाच असा, की पारध्याच्या पोटी जन्मला तो चोरच. नाव चौकीच्या वहीत, सकाळ-संध्याकाळ हजेरी, परवानगीवाचून वेस ओलांडली की तुरुंग. अर्जुना बायकोला घेऊन पळाला, साताऱ्यात वखारीत लाकडं फोडू लागला, जाधव झाला, आणि चाळीस साली मराठा म्हणून भरती होऊन बोटीनं आफ्रिकेच्या लढाईवर गेला. जात उघडी पडती, तर त्याला पलटणीतनं हाकललं असतं आणि दोघंही पुन्हा त्या वहीत गेली असती. हे सगळं रंगूबाईनं पुढं शालूला सांगितलं. मला कशाला सांगेल?

तशी बाई हसरी. चार घरची धुणी धुऊन आली तरी माझ्या चेष्टेला जागच्या जागी उत्तर. "आवं दाजी, तुमच्या तोंडाला कोंडवाडा बांधाया पायजे," म्हणायची आणि पदर दातात धरून आत पळायची.

एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत खानेसुमारी आली. चिंतामण मास्तर दारोदार गेरूनं आकडे घालून गेले आणि मग चिठ्ठ्या भरायला आमच्याच ओट्यावर बसले. म्हणजे मी हजर. पलीकडे पोलिसातनं पेन्शनीत आलेले हंबीरराव जमादार तंबाखू मळत होते. मास्तर सांगत होते, पेठेत रामोशी निघाले, वडार निघाले, मोळ्या विकायला येऊन राहिलेली कातकऱ्यांची दोन घरं निघाली. पारधी? मी विचारलं. ते नाक्याबाहेर पालात, मास्तर म्हणाले, त्यांची मोजणी चौकीच्या वहीवरनं. शहरात पारधी नाही.

तेवढ्यात रंगूबाईची पाळी आली. नाव, वय अंदाजे पंचवीस, नवरा पलटणीत, जात मराठा. मास्तरांचा टाक दौतीत बुडाला आणि मला नेमकी हुक्की आली.

"काय गं रंगूबाई, नवरा पलटणीत अन् पायाची बोटं मोकळी? जोडवी मोडून शेवचिवडा खाल्लास का काय?"

सगळे हसले. हंबीरराव तेवढे हसले नाहीत. त्यांचा मळता हात थांबला.

"फलटणच्या बाजूला पोलिसात नोकरी केलीया मी," ते सावकाश म्हणाले. "फासेपारध्याची बाई कमरेखाली चांदी घालत न्हाई. मरंल, पर घालायची न्हाई."

मास्तरांनी टाक वर उचलला. रंगूबाईचा चेहरा राखेसारखा झाला, आणि आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा उमगलं. पण शब्द गेला तो गेला.

शालूला यातलं काही ठाऊक नव्हतं. गरिबीची थट्टा केली म्हणून ती माझ्यावरच उखडली, आत जाऊन माझ्या आईची जुनी जोडवी घेऊन आली आणि म्हणाली, घाल गं, बघू दे यांना. रंगूबाई खाली बसली. बराच वेळ तिनं ती तळहातावर धरून ठेवली. मग बोटात ढकलली. एक घट्ट होतं, कातडं सोलून आत गेलं. मास्तरांनी मराठा लिहिलं. हंबीरराव म्हणाले, चुकलं आमचं.

त्या दिवसापासून तिनं जोडवी काढली नाहीत, कारण ओट्यावर मी रोज असे. हसणं मात्र बंद झालं. पारध्यांची देवी चांदीच्या टाकात, मूर्ती उठवलेल्या पत्र्यात, बसते. ती चांदी पायाशी नेली तर देवी घरचं माणूस उचलते, असा त्यांचा समज.

एप्रिलात तार आली. मार्चमधल्या लढाईत अर्जुना पडला होता. शालू तिच्यापाशी बसून होती, मी दारात. रंगूबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "लडाईनं न्हाई गेला त्यो. म्या घालवला."

तेराव्यानंतर ती मास्तरांकडे गेली. माजी जात पारधी लिवा, म्हणाली. मास्तर माणूस चांगला. त्यांनी समजावलं, की चिठ्ठ्या पुण्याला गेल्या, आता फिरत नाही, आणि मराठा आहेस तोवरच शिपायाच्या बायकोचं पेन्शन आहे.

"देवीचा दंड माज्या मानसांतच भरावा लागतो मास्तर," ती म्हणाली. "आनी माजी मानसं वहीत हायती."

ती चौकीकडे निघाली तसा मी मागनं नाक्यापर्यंत धावलो. माझ्यामुळं झालं, परत चल, असं काहीबाही बोललो. ती थांबली. "तुमी नुसतं हसत व्हता दाजी. भिऊन चांदी घातली ती म्या," म्हणाली आणि चालू लागली. चौकीत तिनं आपलं आणि मेलेल्या नवऱ्याचंही खरं नाव सांगितलं. पेन्शन सुरू व्हायच्या आधीच अडलं.

दिवाळीच्या सुमारास सायकलवरनं जाताना मला ती चौकीपुढं पुन्हा दिसली. हजेरीची बाया-बाप्यांची रांग उन्हात उकिडवी बसली होती, तिच्यात ती. जातीच्या पंचांनी दंड घेऊन तिला पदरात घेतलं होतं म्हणे. मी उतरलो आणि सायकल धरून रस्त्याच्या कडेलाच उभा राहिलो. शिपायानं नाव पुकारलं. रंगूबाई उठून उभी राहिली, हाजर म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.